ओल्या मातीवरची अक्षरे

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या इराकच्या दक्षिणेला, टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या गाळाने तयार झालेल्या सपाट प्रदेशात, ना घडवण्याजोगा दगड होता, ना इमारतीचे लाकूड. विपुल होती ती चिकणमाती आणि पाणथळीतला बोरू. याच मातीच्या विटांनी सुमेरी लोकांनी उरुक, उर, निप्पुर अशी नगरे उभारली, आणि ओल्या मातीच्या पाटीवर बोरू टेकवून लिहिण्याची कलाही त्यांनीच घडवली.

ही कला काव्यासाठी जन्मली नाही. उरुकच्या इआन्ना या मंदिर-परिसरात सापडलेल्या, इसवी सनापूर्वी ३३०० च्या सुमारापासूनच्या पाट्यांवर मुख्यतः सातू, मेंढ्या, बीअर आणि मजुरांचा शिधा यांचे हिशेब आहेत. माणसाचे डोके आणि तोंडाशी वाडगा अशी आकृती काढली, की खाण्याचा अर्थ निघे. मात्र जीवनाचे चित्र कसे काढायचे? सुमेरी भाषेत बाण आणि जीवन या दोहोंसाठी ‘ति’ हा उच्चार होता, म्हणून बाणाचे चिन्ह जीवनासाठीही वापरले जाऊ लागले. मराठीत फुलांचा हार काढून लढाईतली हार वाचायला सांगावी, तसाच हा प्रकार. पण या श्लेषामुळेच चित्राचा ध्वनी झाला आणि जे डोळ्यांना दिसत नाही तेही लिहिता येऊ लागले. पुढे रेघा ओढण्याऐवजी बोरूचे टोक दाबून पाचरीसारखे ठसे उमटवण्याची पद्धत रुळली. तीच क्यूनिफॉर्म लिपी.

त्यांच्या श्रद्धेतही हीच माती आहे. देवांना कालवे खणण्याचे कष्ट असह्य झाले, तेव्हा गोड्या पाण्याचा आणि चातुर्याचा देव एन्की याच्या युक्तीने मातीपासून माणूस घडवला गेला आणि ते काम त्याच्या माथी आले, असे त्यांची एक कथा सांगते. ज्यांचे पीकच कालव्यांतला गाळ उपसण्यावर अवलंबून होते, त्यांना हीच कथा सुचावी, याचे मला नवल वाटत नाही. प्रत्येक नगराला स्वतःची देवता असे: निप्पुरला एन्लिल, उरला चंद्रदेव नन्ना, उरुकला इनान्ना.

लेखनिक घडत ते ‘एदुब्बा’त, म्हणजे पाट्यांच्या घरात. तिथली एक कथा फार गमतीची आहे. परवानगीवाचून बोलणे, वाईट अक्षर अशा नाना कारणांनी दिवसभर मार खाल्लेला एक विद्यार्थी वडिलांना सुचवतो, की गुरुजींना घरी बोलवावे. मग गुरुजींना जेवण, नवे वस्त्र आणि अंगठी मिळते, आणि तोच विद्यार्थी एकाएकी गुणी ठरतो!

सुमेरी भाषा लोकांच्या बोलण्यातून गेल्यावरही, इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात, निप्पुरची मुले असे पाठ कित्त्यासारखे गिरवत होती. त्यांत सारगोन राजाची कन्या आणि उरच्या चंद्रमंदिराची मुख्य पुजारीण एन्हेदुआन्ना हिच्या नावावरचे इनान्नास्तोत्रही असे. सराव झाला, की पाटीचे मोल संपे. निप्पुरच्या एका लहानशा घरात अशा शेकडो पाट्या जमिनीत आणि भिंतींत भर म्हणून घातलेल्या सापडल्या. आज आपण जे सुमेरी साहित्य वाचतो, त्याचा मोठा भाग मुलांच्या अशाच टाकून दिलेल्या पाट्यांवरून जुळवलेला आहे.