वेबसाइटचा सातबारा कोणाच्या नावावर?

नमस्कार श्रोतेहो.

मी चिपळूणचा. गेली चोवीस वर्षं गावातल्या आणि आजूबाजूच्या मंडळींसाठी वेबसाइट बनवतो. वाचनालय, पतसंस्था, आंब्याचे बागायतदार, गुहागरकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी कुटुंबं, एखादं ग्रामदेवतेचं देवस्थान, अशी माझी गिऱ्हाइकं. मोठ्या कंपनीचं काम कधी केलं नाही आणि करावंसं वाटलंही नाही.

मी सुरुवात केली तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. पण खरी अडचण वेगाची नव्हती, मराठीची होती. शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये आम्ही मजकूर टाइप करायचो. आपल्याला दिसायचं ‘वाचनालय’, संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरंच असायची. पाहणाऱ्याकडे तोच फॉन्ट नसला, की पडद्यावर नुसता अक्षरांचा चिवडा. म्हणून पानाच्या डोक्यावर लिहावं लागे, ‘आधी हा फॉन्ट उतरवून घ्या.’ किती जण घेणार? मग मी मराठी मथळ्यांची चित्रं करून लावायचो.

पुढे युनिकोड आलं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट होता, पण विंडोज एक्सपीवर मराठी नीट जुळून दिसायला कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन वेगळी सोय चालू करावी लागे, आणि त्यासाठी अनेकदा विंडोजची सीडीही घालावी लागे. त्या काळात मी एका वाचनालयाचा सगळा इतिहास, जुन्या फॉन्टमधली चाळीस पानं, पुन्हा हाताने टाइप केली. काम संपल्यावर काही दिवसांनी वाचनालयाचं नाव देवनागरीत लिहून शोधलं आणि आमचं पान समोर आलं. तो आनंद आजही आठवतो. त्याच वाचनालयाचे अध्यक्ष पान बघून मला म्हणाले, “सगळं छान आहे हो, पण हा ‘ल’ आपला नाही.” बरोबर होतं त्यांचं. पुष्कळ फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात. मराठी वळण हवं तर फॉन्टमध्ये ते असावं लागतं आणि पानाची भाषा मराठी आहे असं पानाच्या आत नोंदवावं लागतं. तेव्हापासून ही नोंद मी कधी चुकवत नाही.

आता ज्यासाठी आज बोलायला आलो, तिकडे वळतो.

२६ जुलै २००५ ला वाशिष्ठीचं पाणी माझ्या दुकानात शिरलं. संगणक, सीड्यांचे डबे, वह्या, सगळं चिखलात. तरी एकही वेबसाइट बंद पडली नाही. त्या परदेशातल्या सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट साठवणाऱ्या, कायम चालू असलेल्या संगणकांवर होत्या. महिन्याभरानंतर नवा संगणक घेतला आणि माझीच कामं मी तिथून परत उतरवून घेतली.

मग २२ जुलै २०२१. पुन्हा तसंच पाणी. बाजारपेठेत दुकानं बुडाली, वीज गेली, फोन लागेनात. माझे एक गिऱ्हाईक, किराणा मालाचे घाऊक व्यापारी, त्या आठवड्यात लेकीकडे कऱ्हाडला होते. तिथे बसून त्यांनी स्वतः साइटवर लिहिलं, ‘दुकान पाण्यात गेलं. माल गेला. माणसं सुखरूप आहेत. सुरू झालं की इथेच कळवू.’ चार छोटी वाक्यं. पण मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना, माल पाठवणाऱ्यांना त्यावरून कळलं. त्यांना हे जमलं, कारण पासवर्ड त्यांच्या खिशातल्या डायरीत होता.

त्याच दिवसांत एका सेवाभावी संस्थेला मदतीसाठी बँक खातं जाहीर करायचं होतं. साइटवर जुनं, बंद झालेलं खातं. ते बदलता येईना. साइट करून देणारा मुलगा नोकरीला परगावी गेलेला, नंबर बदललेला. संस्थेची साइट, पण संस्थेलाच आत जाता येत नव्हतं. मला ते बघून फार वाईट वाटलं.

श्रोतेहो, आपल्याला जमिनीचा सातबारा कळतो. उताऱ्यावर नाव कोणाचं, हे आपण आधी बघतो. वेबसाइटचा जो पत्ता असतो, ज्याला डोमेन म्हणतात, त्याचीही अशीच नोंद असते. तिथे मालक म्हणून नाव आणि ईमेल कोणाचा आहे, हे बहुतेकांनी कधी विचारलेलंच नसतं. करून देणारा सोयीसाठी स्वतःचं नाव घालतो. पहिली काही वर्षं मीही तसंच केलं, नंतर ते चुकीचं आहे हे पटलं आणि एकेक डोमेन ज्याचं त्याच्या नावावर करून दिलं.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते वर्षाच्या कराराने मिळतं. साइट ठेवायची जागा, म्हणजे होस्टिंग, वेगळी. तिचे पैसे वेगळे. डॉटकॉमचं नूतनीकरण चुकलं तर सहसा काही दिवसांची सवलत मिळते. नंतर ३० दिवस भरभक्कम दंड देऊन ते सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवसांनी ते जगात कोणालाही घेता येतं. आमच्या तालुक्याबाहेरच्या एका वाचनालयाचं असंच गेलं. त्या पत्त्यावर आज जुगाराचं पान उघडतं. आणि तोच पत्ता त्यांच्या छापील अहवालांवर आहे, बालवाचकांच्या ओळखपत्रांवर आहे. छापलेलं कसं पुसणार?

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. डोमेन संस्थेच्या नावावर घ्या. ईमेलही संस्थेचा ठेवा, कार्यवाहांचा घरचा नको. कार्यकारी मंडळ बदलतं तेव्हा कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, चेकबुक यांचा ताबा आपण सही घेऊन देतो. त्या यादीत पासवर्डची एक ओळ वाढवा. दुकानदारांनी गूगलच्या नकाशावरची आपली नोंदही कोणाच्या खात्यातून चालते, ते बघून घ्यावं. पोराच्या मित्राच्या खात्यातून चालत असेल तर आजच बदला.

आमच्या एका बागायतदारांच्या घरी भिंतीवर कालनिर्णय असतं. दुधाच्या खुणा, गॅसची तारीख, फवारणीचे दिवस, सगळं त्यावर. त्यांच्या डोमेनची मुदत नेमकी ऐन हंगामात, एप्रिलात संपते. दर वर्षी नवं कॅलेंडर आलं की काकू सर्वात आधी मार्चचं पान उलटतात आणि शेवटच्या आठवड्यात निळ्या पेनाने लिहून ठेवतात, ‘साइटचे पैसे.’

नमस्कार.