मातीचा घोडा: अतियात अल-अब्नूदी

नाईलच्या काठावरची ही वीटभट्टी. घोडा चिखलात गोल गोल फिरतोय, त्याच्या टापांखाली माती तुडवली जातेय. साच्यातून काढलेल्या ओल्या विटा उन्हात वाळत पडल्यात. वाळलेल्या विटांची चळत डोक्यावर घेऊन बायका निघाल्यात.

आता कान देऊन ऐका. इथे समजावून सांगणारा निवेदक नाही. बोलताहेत त्या कष्टकरी बायकाच: आपल्या कामाबद्दल, मजुरीबद्दल, घरच्या ओढाताणीबद्दल.

साल १९७१. जेमतेम १२ मिनिटांचा हा माहितीपट, ‘मातीचा घोडा’. दिग्दर्शिका अतियात अल-अब्नूदी.

अतियात १९३९ साली नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, दाकाहलिया प्रांतात जन्मल्या. कैरो विद्यापीठात कायदा शिकल्या, नाटकांतून कामं केली, मग सिनेमाचं शिक्षण घेतलं. पहिल्याच माहितीपटाला परदेशात पारितोषिकं मिळाली. मायदेशात मात्र ओरड झाली, की यांनी इजिप्तचं वाईट चित्र जगापुढे मांडलं. त्या बायका रोज भल्या पहाटेपासून राबत होत्या, तेव्हा कुणाला देशाची अब्रू आठवली नव्हती.

अतियातनी वाट बदलली नाही. १९७२ साली त्या कैरोच्या रस्त्यांवर खेळ करणाऱ्या कसरतपटूंकडे वळल्या. पुढे इंग्लंडमध्ये शिकून परतल्यावर सुएझ कालव्याकाठची एक शेतकरीण त्यांनी पडद्यावर आणली. आठ लेकरांची आई. अक्षरओळख नाही, पण घरचा जमाखर्च, आजारपणं, मुलांचं पुढचं सगळं तिच्याच डोक्यात पक्कं. १९९५च्या संसदीय निवडणुकीत बायका उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हा अतियात कॅमेरा घेऊन त्यांच्या प्रचारात हिंडल्या. गरिबांची दिग्दर्शिका ही ओळख त्यांनी अशी कमावली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं.

हे दृश्य मात्र पाहायलाच हवं. दक्षिण इजिप्तमधलं अब्नूद. कवी अब्देल रहमान अल-अब्नूदी यांचं गाव, म्हणजे अतियातचं सासर, आडनाव इथलंच. १९७५ साली त्यांनी इथे ‘सँडविच’ हा लघुपट केला. बायका भट्टीत जाड भाकरी भाजतात. शेळ्या राखणारा पोरगा भूक लागल्यावर त्यातली एक भाकर घेतो, तिला मधोमध खळगा पाडतो, शेळीच्या कासेखाली धरतो आणि दूध पिळतो. दुधानं भाकर भिजते. तो खायला लागतो.