हॉस्पिटलचं बिल कार्डावर फिरवायच्या आधी

मघाशी चहाच्या वेळी एकजण म्हणाले, अमेरिकेत आता हॉस्पिटलची थकबाकी क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, येतच नाही ना, कायदा झालाय म्हणे. कायदा नाही हो, नियम झाला होता, तोही टिकला नाही. सीएफपीबी म्हणून तिथली सरकारी संस्था आहे, ग्राहकांचे पैशाचे व्यवहार बघणारी, तिने जानेवारी २०२५ मध्ये नियम काढला की मेडिकल डेट रिपोर्टवरून पूर्ण काढा, दीड कोटी लोकांचे ४९ अब्ज डॉलर पुसले जाणार होते, आणि जुलैमध्ये टेक्सासच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाने अख्खा नियमच रद्द केला, एक दिवससुद्धा लागू झाला नाही तो.

मग आता जे चाललंय ते काय? एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन, हे रिपोर्ट बनवणाऱ्या तीन कंपन्या, म्हणजे क्रेडिट ब्युरो, त्यांनी २०२२-२३ मध्ये आपणहून ठरवलेलं, की वसुलीला गेलेलं बिल ५०० डॉलरच्या खाली असेल तर दाखवायचं नाही, भरून टाकलं असेल तर काढायचं, आणि बाकीची बिलं दाखवायच्या आधी वर्षभर मुदत द्यायची. पण हे कंपन्यांचं धोरण बरं का, फेडरल कायदा नाही, उद्या त्यांनी बदललं तर बदललं. न्यूयॉर्क, कोलोराडो, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांनी स्वतःचे कायदे केलेत, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये सीएफपीबी म्हणते की १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट या फेडरल कायद्यापुढे राज्यांचं चालत नाही. तीच संस्था! सरकार बदललं की कायद्याचा अर्थपण बदलतो.

आता खरी मेख. ही सगळी सवलत बिल हॉस्पिटलच्या नावावर आहे तोवरच. घाबरून साध्या क्रेडिट कार्डावर भरलंत की ते मेडिकल राहिलं नाही, कार्डाचं देणं झालं, एक हप्ता महिनाभर थकला तरी रिपोर्टवर येऊ शकतं, ५०० डॉलर नाही न् वर्षाची मुदत नाही. आपल्याकडेही तेच की, हॉस्पिटल काही सिबिलला कळवत नाही, ती कर्ज देणारी संस्थाच नाही, पण बिलासाठी पर्सनल लोन काढलं की ते सिबिलवर आलंच. आजारपण तेच, रक्कम तीच, फक्त कागद बदलला.

तिकडे मुलाकडे, मुलीकडे असताना अशी वेळ आली तर आधी विचारायचं, हॉस्पिटल नॉन-प्रॉफिट, म्हणजे नफ्यासाठी न चालणारं, आहे का. तिकडची बरीच असतात, आणि त्यांना करमाफी हवी असेल तर फायनान्शियल असिस्टन्स, म्हणजे बिलासाठी मदतीची सोय, ठेवावीच लागते, पहिल्या बिलापासून १२० दिवस क्रेडिट ब्युरोला कळवता येत नाही आणि मदतीचा अर्ज २४० दिवसांपर्यंत घ्यावाच लागतो. कोणाला मिळते ते उत्पन्नावर असतं, सगळ्यांना नाही मिळत. पण बिलावर तशी सूचना छापलेली असते, आपण आकडा बघूनच गार होतो, तिथपर्यंत नजर जातच नाही.