‘आफ्टरमॅथ’ : कुरणातला खोडवा

‘आफ्टरमॅथ’ म्हटलं की आज युद्ध, भूकंप, दंगल आठवते. मागे उरलेली पडझड. पण हा शब्द इंग्लंडच्या गवताळ कुरणातला आहे, आणि तिथे तो चांगल्या अर्थाचा होता. त्यातल्या ‘मॅथ’चा गणिताशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गवताची कापणी. पहिली कापणी झाल्यावर त्याच मुळांवर पुन्हा फुटलेलं गवत म्हणजे आफ्टरमॅथ. उसाचा खोडवा पाहिलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

फरक कापण्यात आहे. ऊस जमिनीलगत तोडतात, बुडखे छाटतात, म्हणजे जमिनीखालचे डोळे फुटतात. गवत मात्र चार बोटं ठेवूनच कापायचं. पुढच्या फुटव्याला लागणारी साखर ताटाच्या बुडाशीच साठलेली असते. ते बूड खरडलं की फुटवा रेंगाळतो.

पहिली कापणी जून-जुलैतली, वाळक्या चाऱ्यासाठी. गवत कापून पसरायचं, उलथत राहायचं, आणि ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली आला की रचायचं. घाई केली तर बुरशी धरते. गंजी आतून तापते आणि कधी कधी आपोआप पेटतेसुद्धा. दुसऱ्या फुटव्यात काड्या कमी, पानं जास्त. चारा कोवळा, प्रथिनंही अधिक. पण तोवर दिवस लहान होऊ लागतात, दव वाढतं, पानाळ गवत लवकर वाळत नाही. म्हणून ते बहुधा उभंच जनावरांना चारतात. विल्टशायरमधल्या क्रिकलेडच्या नॉर्थ मेडोमध्ये चारा काढून झाल्यावर 12 ऑगस्टपासून 12 फेब्रुवारीपर्यंत सामाईक चराईचा जुना हक्क आजही चालतो. तिथल्या कुरणांची निगा राखणारे ‘आफ्टरमॅथ ग्रेझिंग’ हा शब्द अजून रोज वापरतात.

शब्द लिखित स्वरूपात 16व्या शतकापासून सापडतो. 17व्या शतकात तो कुरणाबाहेर पडला आणि एखाद्या घटनेच्या मागून जे उगवतं त्याला लावला जाऊ लागला. पुढे अर्थाचा तोल दुःखाकडे झुकला. माझ्या मते याचं कारण त्या कापणीच्या चित्रातच आहे. लांब दांड्याचं, वाकड्या पात्याचं जे हत्यार गवत आडवं करतं, तेच युरोपीय चित्रांत मृत्यूच्या हातात असतं. शहरातल्या वाचकाने कुरण पाहिलेलं नव्हतं. त्याच्यापुढे कापणी उरली, फुटवा दिसेनासा झाला.

अनुवाद करणाऱ्यांनी इथे फार जपायला हवं. आजच्या बातमीत ‘पडसाद’ किंवा ‘दंगलीनंतरची स्थिती’ चालेल. पण जुन्या इंग्रजी शेतीच्या लेखनात किंवा कवितेत हा शब्द आला, तर आधी महिना बघा आणि आसपास गवत, गुरं, कुरण आहे का ते पाहा. असेल तर तिथे ‘दुसरा फुटवा’ लिहा. ‘विध्वंसानंतर’ लिहिलंत, तर कवीने हिरवं दाखवलेलं कुरण मराठीत जळून जाईल.