वाळली काचरी

नमस्कार श्रोतेहो. मी पंचवटीत राहते, वय 71.

गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर बटाट्याच्या काचऱ्या वाळत घातल्या होत्या. संध्याकाळी गोळा करताना माझ्या मनगटाशेजारी काचरी दिसली आणि काळजात चर्र झालं. तोच रंग, त्याच सुरकुत्या. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी नेमका हाच शब्द वापरलाय: आज शरीरावर जी पुष्टी आहे, तिची उद्या वाळली काचरी होईल. (काचरी तळली की फुलते, ते मात्र माउली सांगत नाहीत!)

म्हातारपणाच्या त्या ओव्या मी कैक वर्षं भराभर उरकायची. पारायणात तेवढं चालतं. त्या रात्री मात्र थांबले. हे सांगणारा कोण, तर शके 1212 मधला, म्हणजे 1290 सालचा, सोळाच्या आतबाहेरचा पोरगा. पुढे सहाच वर्षांनी आळंदीला समाधी घेतलेला. त्याला म्हातारपण आलंच नाही. मग दिसलं कुठून?

अध्यायाचा विषयच क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ. शरीर म्हणजे शेत, आणि त्याला जाणणारा निराळा. जरा, म्हणजे म्हातारपण, आधीच ओळखून असणं हे तिथे ज्ञानाचं लक्षण म्हणून आलंय. मी निफाडकडची, शेतकऱ्याची लेक. शेत पडीक पडलं म्हणून बांधावरचा माणूस पडीक होत नाही, एवढं मला कळतं. काचरीला बघून चर्र झालं, ते कुणाला? जो बघत होता, त्याला सुरकुती होती का? या प्रश्नाशी मी अजून बसलेय.

गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेले की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघते. पावसाळ्यात अख्खं नाशिक विचारतं, पाणी कुठवर आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. पाणी चढतं, उतरतं, मारुती तिथेच. माझे गुडघे घाटाच्या पायऱ्यांवर कुरकुरतातच, त्यात काही फरक नाही. पण हल्ली मी त्यांना म्हणते, बोला, ऐकतेय मी.

आता त्या ओव्या सावकाश, मोठ्यानं वाचते. आमच्या ह्यांना ऐकू जरा कमी येतं. परवा वाचत होते, तर आतून हाक आली, "काचऱ्या तळतेस का? मग चहाही टाक."

उठले, दोन्ही केलं.