काकण, कार्ड आणि मांडीवरचा टॅबलेट

[दृश्य: देवबाग, कर्ली खाडीचं मुख. जानेवारी, सकाळचे साडेसात. सुरूच्या शेंड्यावर बसलेला पक्षी.]

देवबागच्या टोकाशी कर्ली खाडी समुद्राला मिळते. पूर्वेला खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि सुरूची झाडं. त्यातल्या एका शेंड्यावर हा बसलाय. डोकं, मान, पोट पांढरंशुभ्र. पाठ आणि पंख राखाडी. समुद्री गरुड. कोकणात याला काकण म्हणतात. पंख उघडले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे दोन मीटर.

नवखा माणूस याची गल्लत ब्राह्मणी घारीशी करतो, कारण तिचंही डोकं आणि छाती पांढरी असते. पण तिचं बाकीचं अंग विटकरी. काकणाची शेपटी आखूड, पाचरीच्या आकाराची, आणि घिरट्या घालताना पंख सपाट न राहता दोन्ही बाजूंनी वर उचललेले. तपकिरी दिसला तर तो लहान वयाचा. पूर्ण पांढरा व्हायला चार-पाच वर्षं जातात.

[दृश्य: वाळूत रोवलेला ट्रायपॉड. वाऱ्यावर हलणारी सुरूची पानं.]

याचे फोटो काढायला इथे सकाळच का गाठायची, याचं उत्तर वाऱ्यात आहे. रात्रभर जमीन निवते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. मोठा पक्षी उतरताना आणि उडताना वाऱ्याला तोंड देतो. म्हणजे सकाळी समुद्रावरून परतणारा काकण आपल्या दिशेला तोंड करून येतो आणि सूर्य आपल्या पाठीशी असतो. डोळ्यात चमक, पोटावर ऊन, पंखांची आतली बाजू उजळलेली. दहा-अकराच्या सुमारास वारा फिरतो, खारे वारे सुरू होतात, आणि तोच पक्षी पाठ दाखवू लागतो. संध्याकाळी सूर्य समुद्रावर असतो, तेव्हा फक्त काळी आकृती मिळते. तीही सुंदर असते, पण तिच्यासाठी ही सगळी यातायात नको.

तेव्हा हाताशी वेळ जेमतेम तीन तास. त्या तीन तासांत चूक झाली तर ती तिथल्या तिथे कळली पाहिजे. घरी जाऊन कळून उपयोग नाही. काढलेले फोटो जागेवरच मोठे करून पाहायला टॅबलेट लागतो, तो एवढ्यासाठीच.

[दृश्य: कॅमेऱ्याचा मागचा पडदा आणि टॅबलेट, शेजारी शेजारी.]

बऱ्याच कॅमेऱ्यांचा मागचा पडदा २१ लाख ठिपक्यांचा असतो. ऐकायला भरपूर वाटतं, पण एका पिक्सेलला तीन ठिपके लागतात, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे १०२४ बाय ६८३ पिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो रुंदीला ६००० पिक्सेल असतो. एवढ्या आकुंचित रूपात सगळेच फोटो धारदार दिसतात. २०२४ च्या आधीच्या अकरा इंची आयपॅड प्रोचा पडदा २३८८ बाय १६६८ पिक्सेलचा आहे. तोसुद्धा पूर्ण फोटो दाखवताना अडीच पट लहान करूनच दाखवतो. म्हणून टॅबलेटवरही पक्ष्याच्या डोळ्याच्या जागी शंभर टक्के (फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर) मोठं करून पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

मोठं करून पाहिल्यावर तीन प्रकारचा धूसरपणा दिसतो आणि तिन्हींचा उपाय वेगळा.

कडा एकाच दिशेला दुहेरी झालेल्या असतील, तर शटर मंद पडला. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतो, उडत्याला १/२००० हवा, पाण्यावर झेप घेणाऱ्याला १/३२००. डोळा मऊ पण पंखाचं टोक किंवा मागची फांदी कोरीव असेल, तर फोकस चुकला. आणि चित्रात काहीच धारदार नसेल, एकामागून एक घेतलेल्या वीस फ्रेम पाहिल्या तर प्रत्येकीत कडा वेगळ्या तऱ्हेने वाकलेल्या दिसत असतील, तर दोष ना हाताचा ना लेन्सचा. वाळू तापली आहे आणि तिच्यावरची हवा थरथरते आहे. इथे लोक फोकसच्या सेटिंगशी झटापट करण्यात अर्धा तास घालवतात. उपाय एकच: अंतर कमी असलेली जागा निवडणं, किंवा वाळूऐवजी पाण्यावरून दिसेल अशी. ६०० मिलिमीटरच्या लेन्सने शंभर मीटरवरचा दोन मीटरचा पंखविस्तार फुल फ्रेम सेन्सरवर (३६ मिलिमीटर रुंद) १२ मिलिमीटर उमटतो, म्हणजे चौकटीचा एक तृतीयांश. साठ मीटरवर २० मिलिमीटर. दीडशे मीटरवरच्या पक्ष्यासाठी हवेच्या लाटा पार करून काही हाती लागत नाही.

[दृश्य: खाडीकाठी बगळा. टॅबलेटवर त्याचा हिस्टोग्राम.]

दुसरी अडचण पांढऱ्या रंगाची. मागे गर्द झाडी असेल तर कॅमेरा काळोख समजून फोटो उजळतो आणि छातीवरची पिसं जळून कोरा कागद होतात. मागे धुरकट पांढरं आकाश असेल तर उलट, पक्षी मळकट येतो. एकाच फेरीत काकण आकाशातून झाडीसमोर येतो, म्हणून स्वयंचलित मोजमापावर भिस्त ठेवू नये. मॅन्युअल बरा, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवायचे. आठच्या सुमारास लेन्सचं छिद्र एफ ६.३, शटर १/२५००, आणि उजेडाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ८००. ऊन चढलं की आयएसओ ४०० वर. आणि हे आकडे पक्के करून देणारा बगळा खाडीत उभाच असतो! तोही पांढरा, त्याच उन्हात, आणि फुकट. त्याचा एक फोटो घ्यावा, टॅबलेटवर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं असा फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहावा. आलेख उजव्या कडेला चिकटला असेल तर एक तृतीयांश स्टॉप (उजेडाचं माप) खाली यावं. गरुड येईपर्यंत तयारी झालेली असते.

हिस्टोग्राम पाहा म्हणतो, नुसत्या नजरेवर जाऊ नका, कारण उन्हात टॅबलेटचा पडदा खोटं बोलतो. आपोआप बदलणारा उजेड, रंग जुळवणारी आणि रात्रीची पिवळी छटा, तिन्ही बंद ठेवायच्या. ध्रुवीकृत गॉगल काढायचा. त्याच्यातून एलसीडी पडदा एका दिशेला धरला तर काळाठिक्कर दिसू शकतो आणि माणूस टॅबलेट बिघडला म्हणून घाबरतो.

[दृश्य: काळी सनपॅक शीट, पट्टी, कटर. छत्रीची जुळणी.]

मग लागते पडद्यावर ऊन पडू न देणारी छत्री. विकतची मिळते, पण तीन मिलिमीटरच्या काळ्या सनपॅक शीटची (आत पोकळ नळ्या असलेली प्लॅस्टिकची शीट) घरी केलेली अधिक सोयीची. अकरा इंची टॅबलेट कव्हरसकट असेल तर ६५० बाय २०० मिलिमीटरची पट्टी कापावी. शीटमधल्या नळ्या २०० मिलिमीटरच्या बाजूला समांतर हव्यात, म्हणजे घडी नीट पडते. दोन्ही टोकांपासून १९० मिलिमीटरवर एक एक रेघ आखून फक्त वरचा पापुद्रा कापायचा आणि उलट बाजूला दुमडायचं. मधला २७० मिलिमीटरचा भाग छप्पर, दोन बाजू भिंती. भिंतींचे पुढचे खालचे कोपरे तिरके छाटावेत, नाहीतर बोट पडद्यापर्यंत पोचत नाही. आतून काळं फेल्ट चिकटवावं. नुसतं प्लॅस्टिक चकाकतं. कव्हरला वेल्क्रोच्या चार पट्ट्या, आणि टॅबलेटच्या मागे बोटभर फट मोकळी.

ती फट विसरायची नाही. आयपॅडसाठी वापराची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस दिलेली आहे. जानेवारीतही उन्हात ठेवलेली काळी काच त्यापुढे सहज जाते. तापला की पडदा आपोआप मंद होतो, चार्जिंग थांबतं, आणि मंद पडद्यावर पाहून आपण पुढचे फोटो उगाच जास्त उजळ काढतो.

छत्री लावलेला टॅबलेट लेन्सच्या ट्रायपॉडवर क्लॅम्पने अडकवायचा मोह टाळावा. वाऱ्यात ती छत्री होडीच्या शिडासारखी भरते आणि सगळी थरथर लेन्सला देते. मांडी बरी. नाहीतर पाव इंची स्क्रूचा होल्डर लावून वेगळा बुटका ट्रायपॉड, खाली पिशवीचं वजन.

[दृश्य: कार्ड रीडर, केबल, पॉवर बँक.]

कॅमेऱ्यातून टॅबलेटवर फोटो वायफायने येतात, पण सावकाश, आणि कॅमेऱ्याची बॅटरी खाऊन. कार्ड रीडर बरा. सेकंदाला वीस फ्रेमने तीन सेकंद बोट दाबलं तर साठ फोटो. रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली नोंद) २५ एमबीची धरली तरी दीड जीबी. सगळे टॅबलेट यूएसबी-सीवर सारख्या वेगाने घेत नाहीत. दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडचा पोर्ट ४८० मेगाबिटचा, म्हणजे व्यवहारात सेकंदाला पस्तीसेक एमबी. दहा जीबीला पाच मिनिटं. दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर एकावर रॉ, दुसऱ्यावर लहान जेपीईजी, आणि रीडरमध्ये फक्त दुसरं कार्ड. दोन मिनिटांत काम उरकतं.

लिहिण्याचा लाल दिवा विझल्याशिवाय कार्डाचं दार उघडायचं नाही. टॅबलेटवरून कार्डातले फोटो पुसायचे नाहीत. कार्ड फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातच. आणि टॅबलेट उघडायचा तो पक्षी मासा घेऊन फांदीवर खायला बसला की. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढली जात असताना तर मुळीच नाही. खाली मान घालून फोटो बघणाऱ्याच्या डोक्यावरूनच गरुड जातो, हा या छंदातला सर्वांत पक्का नियम.

विजेचा हिशोब सोपा. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास. गळती वजा जाता पन्नासेक. बऱ्याच अकरा इंची टॅबलेटची बॅटरी २८-२९ वॉट-तासांची. पावणेदोन वेळा भरेल.

[दृश्य: स्टायलसने (टॅबलेटच्या पेनने) रेखाटन. फोटोच्या थरावर पंखांच्या रेषा.]

चित्र काढणाऱ्यांना टॅबलेटचा दुसराही उपयोग. फोटो फिकट करून त्यावर नवा थर घ्यायचा आणि पंखांचा कोन, शेपटीची पाचर, पिसांमधल्या फटी गिरवायच्या. गळालेल्या पिसाची जागा त्या हंगामापुरती पक्ष्याची ओळख ठरते. आज उजव्या पंखात फट असलेला काकण परवा पुन्हा आला की कळतं. फक्त पडद्यावर कागदासारखी खरखरीत फिल्म लावली असेल तर दोन गोष्टी होतात. स्टायलसचं टोक लवकर झिजतं, आणि फिल्मच्या कणांमुळे बारीक तपशील चमचमतो, धार पारखता येत नाही. रेखाटन आणि पारख दोन्ही हवं असेल तर चुंबकाने लागणारी, काढता येणारी फिल्म घ्यावी. वाळूत मात्र ती काढू-घालू नये. एक कण आत गेला तरी ओरखडा कायमचा.

[दृश्य: लांबून दिसणारं काटक्यांचं मोठं घरटं. कॅमेरा तिथून वळतो.]

हिवाळा हाच याचा विणीचाही काळ. काकण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरट्याजवळ जायचं नाही, ड्रोन उडवायचा नाही. पक्षी मान ताणून आपल्याकडे पाहू लागला, पुढे झुकला, ओरडू लागला, की आपण जास्त जवळ आलो, मागे सरायचं. फोटो दुसऱ्याला पाठवताना टॅबलेटमध्ये ठिकाणाची नोंद काढून टाकायची सोय असते, ती वापरायची. घरट्याचा पत्ता असाच फुटतो.

[दृश्य: अकरा वाजता. लाटांवर फेस, वारा समुद्राकडून.]

वारा फिरला. आवराआवर करताना पडदा कोरड्या कापडाने पुसू नये, मिठाचे कण काचेवर घासतात. गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर आधी, कोरडं नंतर. पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना आली तर केबल काढायची, पोर्ट खाली करून हलकेच झटकायचा आणि सावलीत वाळू द्यायचा. आत कापूस किंवा टाचणी घालायची नाही. कार्ड रीडर आणि केबल सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात, आणि लेन्सचं पुढचं भिंगही त्याच ओल्या कापडाच्या वेगळ्या तुकड्याने. उद्या सातला पुन्हा इथेच, आधी बगळा शोधायचा.