तेच पद, दुसरा गळा

मित्रहो, गाजलेलं गाणं कुणी पुन्हा गायलं की आपण आधी विचारतो, 'मूळ गाण्याच्या जवळ गेलं का?' आज मला या प्रश्नाशीच भांडायचं आहे. त्यासाठी शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांचा 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम घेतो. संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची नाट्यपदं कुमारांनी त्यात गायली.

कुमारांची लहानपणची ख्याती काय होती? मोठमोठ्या गवयांच्या ग्रामोफोन तबकड्या ऐकून ते त्या जशाच्या तशा गात. स्वरांची छोटी हरकत न् हरकत तीच. लोक थक्क होत. म्हणजे बालगंधर्वांची हुबेहूब नक्कल ज्यांना सहज जमली असती, असा हा गायक. त्यांनी बालगंधर्वांची पदं गायला घेतली तेव्हा मात्र नक्कल साफ बाजूला ठेवली.

१९१६ च्या 'स्वयंवर' या संगीत नाटकात बालगंधर्व रुक्मिणी होत. 'नाथ हा माझा' सुरू झालं की समोर नटलेली रुक्मिणी असे, ऑर्गनचा भरदार सूर असे, पुढे साथीला थिरकवाँचा तबलाही आला. वन्स मोअर मिळत गेले की पद वाढत जाई. तबकडीवर मात्र सगळं तीन-साडेतीन मिनिटांत बसवावं लागे, विस्तार आवरावा लागे. म्हणून तबकडीवरून बालगंधर्व उचलणारा गायक नकळत तबकडीची अडचणही उचलतो. तो लाडिकपणा, शब्दाच्या शेवटी अलगद येणारी मुरकी, सगळं येतं. रंगभूमीवरचा ऐसपैसपणा तेवढा येत नाही. असं गाणं ऐकून जुन्या रसिकांचे डोळे पाणावतात, त्या प्रेमाबद्दल मला आदरच आहे. पण मी घरी जाऊन मूळ तबकडीच लावेन.

कुमारांपाशी रुक्मिणीची भूमिका नव्हती, रंगमंच नव्हता. क्षयाने त्यांचं एक फुप्फुस निकामी केलं होतं. त्या आजारानंतर त्यांची जी गायकी घडली, तिच्यात छोटी, टोकदार स्वरवाक्यं आणि मधली शांतता यांना मोठं स्थान आहे. अशा गळ्यातून ही पदं आली की मुळात जो स्वर लडिवाळपणे ओघळून जातो, तो इथे क्षणभर एकटा उभा राहतो. मग ध्यानात येतं, अरे, बालगंधर्वांची ही जागा नुसती गोड नव्हती, कमालीची नेमकी होती! त्यांची लयीवरची हुकमत रुक्मिणीच्या रूपाआड झाकली गेली होती. कुमारांनी ती उघडी करून दाखवली. त्यांना ऐकून मी बालगंधर्वांकडे परत गेलो की मला बालगंधर्वच जास्त ऐकू येतात. पुन्हा गायलेल्या गाण्याकडून याहून मोठी अपेक्षा मी तरी करत नाही.

आणि मूळ तरी कुठलं म्हणायचं? 'स्वयंवर'च्या कित्येक चाली भास्करबुवा बखल्यांनी आधीच्या बंदिशींवरूनच बांधल्या होत्या.

कधी गाणाऱ्याबरोबर बोलणाराही बदलतो. अमेरिकन गायक ओटिस रेडिंगचं १९६५ मधलं 'रिस्पेक्ट' म्हणजे कामावरून घरी आलेल्या पुरुषाने बाईकडे मागितलेला मान. १९६७ मध्ये गायिका अरीथा फ्रँकलिन यांनी ते गायलं. शब्द बरेचसे तेच, पण आता मागणारी बाई आहे. 'रिस्पेक्ट'चं एकेक अक्षर सुटं करून त्यांनी खणखणीत म्हटलं. हे मूळ गाण्यात नव्हतं. मागून कोरसमध्ये त्यांच्या बहिणी साथ देतात. विनवणीची ताकीद झाली, आणि अमेरिकेतल्या स्त्रियांनी आणि कृष्णवर्णीयांनी ते गाणं आपलंसं केलं.

इथे बसलेली बरीच तरुण मंडळी कराओके ट्रॅकवर गाते. ट्रॅकमध्ये लय, पट्टी, दोन कडव्यांमधलं म्युझिक, सगळं आधीच ठरलेलं असतं. तुम्हाला ठरवायला काही उरतच नाही. एकदा ट्रॅक बंद करा आणि नुसत्या तानपुऱ्यावर गाऊन बघा. कडवं आधी बोलून बघा, ते वाक्य तुमच्या तोंडून कसं निघतं ते ऐका. सगळ्यांना पाठ असलेली एखादी हरकत मुद्दाम गाळा. तिच्यावाचून ओळ लंगडी पडत असेल, तर ती खुशाल परत घ्या. पण आधी गाळून बघा.